लग्नाच्या परवानगीत अडकलेली समानता

१९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली, कुटुंबं ठिय्या देऊन बसली. पेण, अलिबाग, रेवदंडा, मुंबई इथून इस्रायलला गेलेली ही माणसं. घरात मराठी बोलणारी, सणाला मलिदा करणारी. इस्रायलचं नागरिकत्व त्यांना मिळालं होतं, मुलं लष्करात जात होती. पण दुसऱ्या ज्यू समाजात सोयरीक जमली की रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, त्यांचं ज्यूपण तपासायला बसत.

या अन्यायाची मुळं इस्रायलच्या स्थापनेपेक्षा जुनी आहेत. हा प्रदेश पूर्वी उस्मानी (तुर्की) साम्राज्यात होता, आणि तिथे लग्न आणि घटस्फोट ज्याच्या त्याच्या धर्मपीठाकडे असत. पुढे तिथे सत्तेवर आलेल्या ब्रिटिशांनी तीच पद्धत चालू ठेवली. जून १९४७ मध्ये ज्यू नेते बेन-गुरियन आणि सहकाऱ्यांनी कर्मठ धार्मिक पक्ष अगुदात इस्रायलला पत्र लिहून शब्बाथ (शनिवारची धार्मिक विश्रांती), कोशर (धर्मनियमांत बसणारं) अन्न आणि विवाह यांबाबत आश्वासनं दिली. १४ मे १९४८ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात मात्र धर्म, वंश किंवा लिंग असा भेद न करता सर्व रहिवाशांना सामाजिक व राजकीय हक्कांची पूर्ण समानता देण्याचं वचन होतं. या दोन्ही गोष्टी सुखाने एकत्र नांदणं शक्य नव्हतं. ठरलेली राज्यघटना झालीच नाही, आणि १९५३ च्या कायद्याने ज्यूंचे विवाह व घटस्फोट पूर्णपणे रब्बींच्या न्यायालयांकडे सोपवले. नागरी विवाहाची सोय आजही नाही. ज्यांना धर्मपीठ नाकारतं, त्यांतले अनेक जण सायप्रसला जाऊन लग्न लावतात आणि मग इस्रायलमध्ये नोंद करतात.

बेने इस्रायलींबद्दल रब्बींचा आक्षेप असा होता की कोकणात शतकानुशतकं एकटे राहिल्याने त्यांच्यात घटस्फोटाचे धर्मनियम पाळले गेले नसावेत आणि बाहेरच्यांशी लग्नं झाली असावीत. १९६२ मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निस्सिम यांच्या काळात सूचना निघाली: वराची किंवा वधूची आई, आजी, पणजी, जमेल तितक्या मागे जाऊन चौकशी करा. रेवदंड्याच्या पणजीचा दाखला इस्रायलमधल्या अश्दोद किंवा दिमोना गावच्या मुलीने आणायचा कुठून? ज्यांना कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हणत, त्यांना ज्यूंच्याच राज्यात ज्यू असल्याचा पुरावा मागितला गेला. माझ्या मते हा अपमान रब्बींच्या कर्मठपणाइतकाच सरकारच्या पडखाऊपणाचा होता.

आंदोलन वाढल्यावर ऑगस्ट १९६४ मध्ये पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने संसदेत, म्हणजे क्नेसेटमध्ये, भूमिका स्पष्ट केली: बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत, विवाहाच्या बाबतीतही इतरांच्या बरोबरीचे आहेत. रब्बींनी सूचनेतून समाजाचं नाव काढलं. ज्याच्या ज्यूपणाबद्दल संशय येईल त्याची चौकशी करण्याचा अधिकार मात्र त्यांनी सोडला नाही.

हा लढा ज्यू असलेल्यांचा होता, म्हणून त्यांना दाद मागायला जागा तरी होती. इस्रायलच्या अरब नागरिकांना मतदानाचा हक्क होता, पण त्यांतले बहुतेक १९६६ पर्यंत लष्करी प्रशासनाखाली होते आणि प्रवासालाही परवाना लागे. १९९२ च्या मानवी प्रतिष्ठेच्या मूलभूत कायद्यातही समानता स्पष्टपणे लिहिली गेली नाही. न्यायालयांनी ती अर्थ लावून आत आणली. १९ जुलै २०१८ रोजी ६२ विरुद्ध ५५ मतांनी झालेल्या राष्ट्र-राज्य कायद्यात राष्ट्रीय आत्मनिर्णयाचा हक्क फक्त ज्यूंचा ठरला. अरबीचा अधिकृत भाषेचा दर्जा गेला, आणि समानतेचं कलम त्यातही घातलं नाही. लष्करात सक्तीची सेवा करणारे द्रुझ (अरबी बोलणारा एक छोटा धार्मिक समाज) पुरुष आणि त्यांची कुटुंबं त्या ऑगस्टमध्ये तेल अवीवच्या चौकात हजारोंनी उतरली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला. अकरापैकी एकाच न्यायाधीशाने, अरब न्यायमूर्ती जॉर्ज कर्रा यांनी, विरोधात मत दिलं.