भाकरीचा न पचलेला भाग जातो कुठे?

खानदेशात कळण्याची भाकरी करतात ती ज्वारी आणि सालासकट उडीद दळून. त्यातला चोथा आपल्याला पचत नाही. तो लहान आतडं ओलांडून मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जिवाणू त्यावर तुटून पडतात. रावेर-यावलकडच्या कच्च्या केळीतला बराचसा स्टार्चही असाच पुढे सरकतो. त्यातून जिवाणू ब्युटिरेट नावाचा पदार्थ तयार करतात. हे ब्युटिरेट मोठ्या आतड्यात नियामक टी-पेशी वाढवतं, असं 2013 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. बाकीच्या रोगप्रतिकारक पेशींना आवर घालणं हे या पेशींचं काम.

चोथाच मिळाला नाही तर? मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी जंतुमुक्त वाढवलेल्या उंदरांच्या पोटात माणसाच्या आतड्यातल्या 14 जातींचे जिवाणू सोडले आणि काहींच्या खाण्यातला चोथा बंद केला. उपाशी जिवाणू मग आतड्याच्या आतला बुळबुळीत थरच खाऊ लागले. थर पातळ झाला आणि सिट्रोबॅक्टर या उंदरांच्या रोगजंतूला भिंतीपर्यंत वाट मिळाली. हे काम 2016 सालचं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, त्यामुळे यावरून कुणी भाकरीचा डोस ठरवायला बसू नये!

मला सगळ्यात गंमत वाटते ती न्यूयॉर्क विद्यापीठातल्या डॅन लिटमन यांच्या प्रयोगशाळेतल्या गोष्टीची. एकाच वंशाचे उंदीर, फक्त पुरवठादार दोन. एकाकडच्या उंदरांच्या लहान आतड्यात टीएच-17 या, दाह पेटवून जंतूंशी लढणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी भरपूर, दुसऱ्याकडच्यांत जवळपास नाहीतच. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवलं, तर दुसऱ्यांतही त्या दिसू लागल्या. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यातूनच जिवाणू इकडचे तिकडे गेले. 2009 मध्ये त्यातला नेमका जिवाणू सापडला: दोऱ्यासारखा लांब, खंडाखंडांचा, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पेशींना टोकाने घट्ट चिकटून बसणारा. हा एकटा जंतुमुक्त उंदरांत सोडला तरी टीएच-17 पेशी तयार होतात, आणि सिट्रोबॅक्टरशी झुंजायला उंदराला बळ मिळतं.

म्हणून त्याला ‘चांगला जिवाणू’ म्हणावं, तर तेही जमत नाही. संधिवात होण्याची जनुकीय प्रवृत्ती असलेले काही उंदीर जंतुमुक्त वाढवले की त्यांचा आजार सौम्य राहतो. पण त्यांच्या आतड्यात हा एकच जिवाणू सोडला, की त्यांचे सांधे सुजतात.