अँटीबॉडीचा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

२०२१ च्या उन्हाळ्यात कोविडची दुसरी लाट ओसरत असताना ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांमध्ये अँटीबॉडीच्या रिपोर्टांची तुलना मोठ्या हिरिरीने चालत असे. दौलतगंजातल्या काकांचा आकडा चारशे आणि कंपूतल्या आत्यांचा जेमतेम ऐंशी, म्हणजे आत्यांनीच जास्त जपायला हवे, असा निष्कर्ष फोनवरच निघत असे. कोविशिल्डचे दोन्ही डोस घेऊनही एखाद्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला की लशीवर शंका घेतली जाई. वास्तविक अशा निगेटिव्ह रिपोर्टाचे कारण अगदी साधे असू शकते. काही किट विषाणूच्या आतल्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, मोजतात आणि कोविशिल्ड शरीराला फक्त बाहेरच्या स्पाइक प्रथिनाची ओळख करून देते. त्यामुळे ज्याला लस मिळाली पण संसर्ग झाला नाही, त्याच्या रक्तात त्या किटला सापडण्यासारखे काही नसतेच.

किट योग्य असले तरी तो आकडा प्रतिपिंडे स्पाइकला किती चिकटतात एवढेच सांगतो. चिकटल्यामुळे विषाणू अडतो की नाही, हा प्रश्न वेगळा आहे. जी प्रतिपिंडे विषाणूला पेशीत शिरूच देत नाहीत त्यांना निष्प्रभकारी प्रतिपिंडे म्हणतात, आणि एकूण प्रतिपिंडांचा ती एक भागच असतात.

हा फरक कळण्यासाठी स्पाइक जवळून पाहावे लागते. कोरोना विषाणूचा व्यास सुमारे १०० नॅनोमीटर असतो आणि त्याच्या पृष्ठभागावर दोन-तीन डझन स्पाइक उभे असतात. प्रत्येक स्पाइक तीन सारख्या साखळ्यांचा बनलेला असून एकेका साखळीत १,२७३ अमिनो आम्ले असतात. टोकाकडचा साधारण दोनशे अमिनो आम्लांचा भाग हलता असतो. तो कधी खाली मिटलेला असतो, तर कधी वर उठतो, आणि वर उठल्यावरच त्याला आपल्या पेशींवरचे एसीई-२ हे प्रथिन धरता येते. त्यानंतर आपल्याच शरीरातली विकरे (एन्झाइम) स्पाइकला कापतात, त्याचा खालचा भाग उलगडून पेशीच्या पटलात घुसतो, दोन्ही पटले एकजीव होतात आणि विषाणूचा आरएनए आत शिरतो.

सर्वांत प्रभावी प्रतिपिंडे बहुधा याच हलत्या भागावर बसतात. काही एसीई-२ ला धरण्याची जागाच व्यापून टाकतात, काही अशी आडवी बसतात की तो भाग वर उठूच शकत नाही, आणि काही स्पाइकच्या खालच्या अंगाला चिकटून पटलांचा संयोग रोखतात. उलट, ज्या भागाचा आत शिरण्याशी संबंध नाही तिथे बसलेले प्रतिपिंड विषाणूला अडवत नाही. ते वाया जाते असेही नाही, कारण त्याच्या मागच्या टोकावरून भक्षक पेशींना विषाणू ओळखता येतो. पण हे काम निराळे.

निष्प्रभ करण्याची ताकद मोजण्याची पद्धत जुनी आहे आणि आजच्या झटपट किटांपेक्षा मला ती अधिक प्रामाणिक वाटते. रक्तातले सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा पिवळसर द्रव, १:२०, १:४०, १:८० असे दरवेळी दुपटीने पातळ करत जायचे; ताकात पाणी घालत जावे आणि आंबटपणा कुठवर जिभेला लागतो ते पाहावे, तसा हा प्रकार. प्रत्येक टप्प्याचे सीरम ठरावीक विषाणूंबरोबर सुमारे तासभर ३७ अंश सेल्सियसला ठेवतात आणि मग ते मिश्रण बशीत वाढवलेल्या, माकडाच्या मूत्रपिंडातून आलेल्या पेशींवर सोडतात. जो विषाणू सुटतो तो आसपासच्या पेशी मारतो, आणि काही दिवसांनी रंग दिल्यावर तिथे फिकट ठिपका उमटतो. ठिपक्यांची संख्या निम्म्यावर आणणारे सर्वांत पातळ सीरम १:१६० चे असेल, तर त्या माणसाचा आकडा १६०. यासाठी जिवंत विषाणू हाताळावा लागतो, म्हणून जैवसुरक्षेच्या तिसऱ्या पातळीची प्रयोगशाळा लागते. ग्वाल्हेरात विषाणूंवर काम करणारी डीआरडीई ही संरक्षण खात्याची संशोधन संस्था आहे आणि साथीत तिथे कोविडचे नमुनेही तपासले गेले. गल्लीतल्या पॅथॉलॉजीत मात्र हे काम होणे नाही.

मग किती प्रतिपिंडे पुरेशी? सात लशींची आणि बरे झालेल्या रुग्णांची माहिती एकत्र करणारा एक अभ्यास २०२१ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. बरे झालेल्या रुग्णांमधली निष्प्रभीकरणाची सरासरी पातळी १०० धरली, तर संसर्गापासून निम्मे संरक्षण मिळण्यास सुमारे २० आणि गंभीर आजारापासून निम्मे संरक्षण मिळण्यास केवळ ३ पुरतात, असा त्याचा अंदाज होता. इतक्या थोड्यात भागते, कारण विषाणू आत शिरला तरी बाधित पेशी मारणाऱ्या टी पेशी असतात आणि स्मृती राखणाऱ्या बी पेशी काही दिवसांत नवी प्रतिपिंडे पुरवतात. म्हणून सहा महिन्यांनी आत्यांचा आकडा उतरला, तर त्यात घाबरण्यासारखे काही नसते. रक्तातल्या मुख्य प्रकारच्या, म्हणजे आयजीजी, प्रतिपिंडांचे अर्धायुष्यच (ती निम्मी उरायला लागणारा काळ) सुमारे तीन आठवड्यांचे आहे. ती बनवणाऱ्या बहुतेक पेशी मरतात आणि थोड्या अस्थिमज्जेत टिकून राहतात.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमिक्रॉन हा विषाणूचा बदललेला प्रकार आला तेव्हा त्याच्या स्पाइकमध्ये तीसहून अधिक बदल होते आणि त्यांपैकी सुमारे १५ त्या हलत्या भागात होते. कॅसिरिव्हिमॅब आणि इम्डेव्हिमॅब ही प्रयोगशाळेत बनवलेली महागडी प्रतिपिंडांची जोडी त्यापुढे जवळपास निकामी ठरली, कारण तिची पकड मोजक्या जागांवरच होती. लसवंतांनाही संसर्ग झाले, परंतु टी पेशी स्पाइकचे अनेक निरनिराळे तुकडे ओळखत असल्याने त्यांचा गंभीर आजारापासूनचा बचाव बराच टिकला.

संसर्ग मुळात सुरू होतो तो नाकात, आणि दंडात टोचलेल्या लशीमुळे रक्तात वाढणारे आयजीजी नाकाच्या ओलसर अस्तरावर फार थोडे पोचते. तिथे पहारा असतो तो मुख्यतः आयजीए या प्रकारच्या प्रतिपिंडांचा. नाकातून थेंब देण्याची भारत बायोटेकची लस २०२२ मध्ये भारतात मंजूर झाली, ती हे आयजीए विषाणूच्या प्रवेशाच्या जागीच तयार व्हावे या विचाराने.