चूर्ण धातुविज्ञानाने बनवलेले हत्यारी पोलाद

चूर्ण हत्यारी पोलाद : वितळलेल्या मिश्र पोलादाची आधी बारीक पूड करून, ती पूड उष्णतेने आणि दाबाने पुन्हा एकसंध करून बनवलेले पोलाद. पंच, डाय, टॅप, मिलिंग कटर, कातरण्याची पाती, प्लास्टिक मोल्डिंग यंत्राचे स्क्रू अशा झिजणाऱ्या वस्तूंसाठी ते वापरतात. मुंबई, ठाणे, वसई पट्ट्यातल्या टूलरूममध्ये त्याला ‘पीएम स्टील’ (पावडर मेटलर्जी, म्हणजे चूर्ण धातुविज्ञान) किंवा नुसते ‘पीएम’ म्हणतात. पूड केल्यामुळे पोलाद जास्त कठीण होते, असा समज तिथे बराच पसरलेला आहे. तो बरोबर नाही. ठोकळ्यात ओतून बनवलेले डीटू हे नेहमीचे हत्यारी पोलाद आणि पीएम पोलाद दोन्ही कठीणपणाच्या मापावर ६० रॉकवेलला आणता येतात. फरक असतो तो आतल्या कार्बाइडच्या कणांत.

हत्यारी पोलादातला कार्बन क्रोमियम, मॉलिब्डेनम, टंगस्टन, व्हॅनेडियम यांच्याशी संयोग पावून कार्बाइड बनवतो आणि झीज थोपवण्याचे काम मुख्यतः हे कण करतात. पाणी दिलेल्या (तापवून झटकन थंड केलेल्या) पोलादाचा पाया व्हिकर्स या कठीणपणाच्या मापावर साधारण ७०० ते ९०० भरतो. क्रोमियम कार्बाइड १,५०० च्या आसपास किंवा वर जाते, तर व्हॅनेडियम कार्बाइड सुमारे २,८०० पर्यंत. मात्र पोलाद ठोकळ्यात ओतले, की ते बाहेरून आत सावकाश थिजते. मोठ्या ठोकळ्याला त्यासाठी काही तास लागतात. शेवटी उरलेल्या द्रवात कार्बन आणि मिश्रधातू साचत जातात आणि तिथे कार्बाइडचे जाळे धरते. पुढे घडाई आणि लाटण करताना हे जाळे तुटते, पण जात नाही. बारच्या लांबीच्या दिशेने त्याचे पट्टे पडतात. मुंबईच्या बाजारात एचसीएचसीआर (जास्त कार्बन, जास्त क्रोमियम) या नावाने विकल्या जाणाऱ्या डीटू, डीथ्री या जातींत असे कण ५० मायक्रॉनपर्यंतचेही सापडतात. चिक्कीत दाणे एका ओळीत बसले, तर ती त्याच ओळीवर मोडते. इथेही तेच घडते.

भाईंदर-वसई भागात स्टेनलेसची भांडी बनवणारे कारखाने आहेत. तिथल्या पत्र्याच्या चकत्या कापणाऱ्या ब्लँकिंग पंचाची धार भिंगाखाली धरली, की दोन वेगळ्या खुणा दिसतात. नुसती झीज असेल तर कड गुळगुळीत गोल झालेली असते. चिपिंग, म्हणजे टवके उडणे, असेल तर कड दातेरी होते, टवका उडालेल्या जागेचा पृष्ठभाग खरखरीत असतो आणि कापलेल्या पत्र्याला नेमका तिथेच बर (कडेचा धारदार काटा) येतो. गोल झालेली धार थोडे ग्राइंडिंग करून परत मिळते. टवका खोल असेल तर पंचाची बरीच लांबी घासून टाकावी लागते. चिपिंग टाळायला कठीणपणा उतरवला तर झीज वाढते, आणि झीज टाळायला तो चढवला तर टवके उडतात. ओतीव पोलादात या कोंडीतून फारशी वाट निघत नाही.

पूड करून ही कोंडी सोडवतात. वितळलेल्या पोलादाच्या बारीक धारेवर नायट्रोजनचे जोरदार झोत सोडले जातात. धारेचे थेंब होतात आणि खाली पडता पडता क्षणार्धात थिजतात. थेंब मिलिमीटरच्या अंशाएवढा असल्यामुळे कार्बाइडला वाढायला अवधीच मिळत नाही. कण साधारण १ ते ४ मायक्रॉनवर थांबतात. ही गोल कणांची पूड चाळून साध्या पोलादाच्या डब्यात भरतात, आतली हवा काढून डबा वेल्डिंगने बंद करतात आणि ‘हिप’ (हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंग) भट्टीत ठेवतात. तिथे साधारण १,१०० ते १,१५० अंश सेल्सिअसला, वातावरणाच्या सुमारे हजारपट दाबाखाली, आर्गॉन वायू डब्याला सगळीकडून सारखा दाबतो. काही तासांत पूड न वितळताच पूर्ण घन होते. पुढे तिची नेहमीसारखी घडाई करून बार काढतात. हिप ही पद्धत अमेरिकेतल्या बॅटेल संस्थेत १९५५ मध्ये अणुइंधनावर आवरण चढवण्याच्या कामातून निघाली. हत्यारी पोलादाला ती १९७० च्या सुमारास लागू झाली : अमेरिकेत क्रूसिबल कंपनीने, स्वीडनमध्ये आसिया आणि स्टोरा या कंपन्यांनी मिळून. ‘सीपीएम’ आणि ‘एएसपी’ ही बाजारातली नावे तिथूनच आली.

कण बारीक राहतात म्हटल्यावर ओतीव पद्धतीत न परवडणारे मिश्रण करता येऊ लागले, आणि या पद्धतीचा खरा फायदा तोच. क्रूसिबलच्या टेन-व्ही जातीत जवळपास १० टक्के व्हॅनेडियम आणि २.४५ टक्के कार्बन आहे. असे पोलाद ठोकळ्यात ओतले तर कार्बाइड इतके जाड होतील, की घडाईतच तडे जातील. पण इतक्या कार्बाइडमुळे टेन-व्हीचा चिवटपणा डीटूच्याच घरात राहतो. थ्री-व्हीमध्ये उलट वाट धरली : कार्बन ०.८, व्हॅनेडियम २.७५ टक्के, कार्बाइड थोडे. उत्पादकाच्या चाचण्यांत तिचा चिवटपणा डीटूच्या तिपटीहून जास्त भरतो आणि झीजही डीटूपेक्षा कमी होते. २०२१ मध्ये आलेल्या, लॅरिन थॉमस यांनी आखलेल्या मॅग्नाकट या चाकूच्या पोलादात क्रोमियमचे कार्बाइड जवळजवळ होऊच दिलेले नाहीत. क्रोमियम गंज रोखायला मोकळे राहते आणि झिजेचे काम व्हॅनेडियम व नायोबियमचे बारीक कार्बाइड करतात. थोडक्यात, टवका उडणाऱ्या पंचाला टेन-व्ही सुचवणारा विक्रेता गिऱ्हाइकाला महागडा तोच रोग देतो.

कार्बाइड बारीक झाले, की तुटण्याची सुरुवात ऑक्साइडच्या मळापासून होऊ लागते. त्यामुळे पद्धतीतल्या पुढच्या सुधारणा बऱ्याचशा पूड करण्यापूर्वी द्रव पोलाद स्वच्छ ठेवण्याच्या आहेत.

मुंबईत येणारे पीएम पोलाद बहुतांशी आयात केलेले असते. स्वीडन आणि ऑस्ट्रिया ही त्यातली ठळक नावे. अडचणी येतात त्या हार्डनिंगला, म्हणजे पाणी देण्याच्या कामात. डीटू बऱ्याच ठिकाणी २०० अंशांच्या आसपास एकदोनदा टेंपर करून (पाणी दिल्यावर पुन्हा तापवून) सोडतात. पीएमच्या बहुतेक जातींना ५४० अंशांच्या आसपास दोन-तीनदा, दर वेळी साधारण दोन तास, टेंपर करावे लागते. जॉबवर्कच्या भट्टीत असा पंच डीटूच्या घाण्याबरोबर गेला, तर पीएमसाठी मोजलेले वरचे सगळे पैसे वाया. उंच टेंपरिंगमुळे आतला ताणही उतरतो, म्हणून वायरकट (तारेच्या विद्युत ठिणग्यांनी कापणे) करताना तडा जाण्याची भीती कमी. ग्राइंडिंगच्या बाबतीत मात्र व्हॅनेडियम जास्त असेल तर अॅल्युमिनाचा दगड हरतो, कारण व्हॅनेडियम कार्बाइड अॅल्युमिनाहून कठीण आहे. तिथे सीबीएनचे (क्यूबिक बोरॉन नायट्राइड या अतिकठीण पदार्थाचे) चाक लागते. काही हजार नगांची ऑर्डर असेल तर हा खटाटोप परवडत नाही आणि एचसीएचसीआर पुरते.

माल खरा की खोटा हा प्रश्नही असतो. हातात धरायचे एक्स-रे यंत्र व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम दाखवते, कार्बन दाखवत नाही. आणि बार ओतीव आहे की पीएम, हे त्याला मुळीच कळत नाही. बारसोबत आलेला टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) शेवटी कागदच असतो. खात्री हवी असेल तर बारच्या टोकाची एक चकती लांबीच्या दिशेने कापून, पॉलिश करून, नायट्रिक आम्ल मिसळलेल्या अल्कोहोलने एचिंग करावी आणि ५०० पट भिंगाखाली पाहावी. ओतीव पोलादात पांढरे पट्टे आणि कोनदार ढेकळे दिसतात, पीएममध्ये सगळीकडे सारखे बारीक ठिपके. धातूच्या चाचण्या करणारी कुठलीही नीट प्रयोगशाळा हे काम करते, आणि पंचावर मशिनिंगचे तास घालवण्याआधीच ते करून घेणे स्वस्त पडते.