चिपटं, वाटी, ग्रॅम: आजीच्या पाककृतीतल्या मापांची पार्श्वभूमी

आजीकडून शिकलेला पदार्थ करायला घेतला की अडतं ते बहुतेक वेळा मापापाशी. ‘डाळीला डाळीइतका गूळ, वेलची बेताची, मीठ चवीपुरतं’ एवढं ऐकून नातवंडं वही मिटतात आणि आजीचा सगळा कारभार अंदाजपंचे होता असं ठरवून मोकळी होतात. तसा तो नव्हता. मराठी स्वयंपाकघरात मापं होती, चांगली काटेकोर होती. फक्त तीन पिढ्यांत ती इतक्यांदा बदलली की मधले दुवे निखळले.

जुन्या घरांत डाळ-तांदूळ तोलत नसत, मापत. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली आणि सोळा पायल्यांचा मण. चिपट्यापासून शेरापर्यंत प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट, त्यामुळे पंगत वाढली तर हिशेब करत बसायला नको. चिपट्याचं मापटं केलं की गूळही दुप्पट. माप भरायचीही रीत ठरलेली असे: शीग लावून की काठाशी सपाट? शिगेमुळे डाळ चांगलीच वाढते, आणि नेमकं हेच कुणी वहीत लिहून ठेवलेलं नसतं.

गूळ-तूप तोलायचं म्हटलं की खरा घोळ सुरू होई, कारण शेर गावोगावी वेगळा. मुंबईचा जुना शेर जेमतेम 318 ग्रॅमचा, तर 80 तोळ्यांचा पक्का शेर 933 ग्रॅमचा. पणजीच्या तोंडचा ‘शेरभर गूळ’ यातला कुठला, हे तिचं माहेर ठाऊक असल्याशिवाय सांगता येत नाही. मसाल्याला तोळा, मासा, गुंज. तराजू नसेल तिथे चांदीचा रुपया चाले, कारण तो बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा होता. ‘रुपयाभार सुंठ’ ही त्या काळी बऱ्यापैकी अचूक सूचना होती.

छापील पाककृती मराठीत तशा लवकर आल्या. ‘सूपशास्त्र’ 1875 चं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ 1910 चं. पण बहुतेक घरांत पदार्थ शिकला जाई तो चुलीपुढे बसून, बघून. मग 1956 चा वजनमापांचा कायदा झाला, 1958 च्या ऑक्टोबरपासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आले, आणि दुकानातली भाषा एक झाली नि घरातली दुसरीच राहिली. आई किलोत आणायची, आजी चिपट्यात मोजायची. 1970 मध्ये आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने या पेचातून वाट काढली ती वाटी-चमच्याची. मला ती निवड ग्रॅमपेक्षाही शहाणपणाची वाटते. घरोघरची वाटी लहानमोठी असली तरी डाळ आणि गूळ एकाच वाटीने घेतले की प्रमाण सुटत नाही. आजीचं ‘डाळीइतका गूळ’ हे असंच प्रमाण आहे. मात्र तो गूळ चिरून सैल भरायचा की चेपून, हे विचारायलाच हवं. नुसत्या चेपण्याने पुरणाची गोडी बदलते.

माझी आजी तेल एकाच पितळी पळीने घाली. ती पळी पुढे जुन्या भांड्यांबरोबर मोडीत गेली, आणि आता ‘दोन पळ्या तेल’ म्हणजे किती ते घरात कुणालाच सांगता येत नाही.

मापांइतकाच विस्तवही बदलला. चुलीला शेजारी वैल, म्हणजे तिच्याच आचेवर चालणारी जोडचूल, असे. पुढे पोळ्या चालल्या की पुरण मागे वैलावर सावकाश आटत राही. 1955 मध्ये मुंबईत घरगुती गॅस आला, त्या दशकाच्या अखेरीस देशात प्रेशर कुकर बनू लागले आणि वेळ शिट्ट्यांत मोजायची सवय लागली. आज ज्यांच्या आज्या ‘तीन शिट्ट्या’ सांगतात, त्यांचं हे माप फार तर दोन पिढ्यांचं आहे.

त्याआधी होत्या त्या खुणा. पुरणात उलथणं रोवलं आणि ते उभं राहिलं की पुरण आटलं. चूल असो, गॅस असो, ही खूण चुकत नाही, कारण ती वेळ न सांगता उरलेलं पाणी सांगते. पाकाचंही तसंच. वाटीतल्या पाण्यात थेंब टाकून त्याची मऊ गोळी वळली की गोळीबंद, आणि थर्मामीटर लावला तर तिथे साधारण 112 ते 116 अंश सेल्सिअस दिसतात. पुरण गरम असतानाच वाटायचं, हाही आजीचा हेका नव्हता. निवलं की ते घट्ट होतं आणि पाट्यावर काय, पुरणयंत्रातही सरकत नाही.

म्हणून पाककृती उतरवून घेताना मी आधी खुणा लिहून घेतो आणि मग आकडे. आजी हाताशी असेल तर तिची मूठ थेट वजनकाट्यावर रिकामी करून घ्यावी, तीही दोन-तीनदा, कारण पहिल्यांदा ती काट्याकडे बघून मूठ सैल सोडते. तिची वाटी पाण्याने भरून किती मिलिलिटरची आहे तेही टिपावं. आणि गूळ कुठला, चिकीचा की साधा, हे त्याच ओळीत लिहावं. चिकीच्या गुळाने केलेलं पुरण चिवट होतं, मग मापं कितीही बरोबर असोत.