मुलाचं इंग्रजी नेमकं कुठे अडलंय? शाळेतल्या नोंदी पाहण्यासाठी अर्ज कसा करावा

प्रगतिपत्रकावर इंग्रजीपुढे ‘ब-२’ लिहिलेलं असतं. पालक सही करतात, पत्रक परत जातं. मुलाला वाचता येतं पण लिहिता येत नाही, की लिहितो पण ऐकलेलं कळत नाही, यातलं काहीच त्या श्रेणीतून कळत नाही. ते ज्या कागदांवर असतं, ते शाळेतच असतात आणि पालकांना मागता येतात. फक्त नेमक्या नावाने मागावे लागतात.

आधी श्रेणीचं गणित

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात वर्षभराचं आकारिक (तोंडीकाम, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या, स्वाध्याय वगैरे साधनतंत्रं) आणि सत्राअखेरचं संकलित, असे दोन भाग आहेत. भारांश, म्हणजे शंभर गुणांतला आकारिक आणि संकलितचा वाटा, इयत्तेप्रमाणे बदलतो. पहिली-दुसरीला ७०:३०, तिसरी-चौथीला ६०:४०, पाचवी-सहावीला ५०:५० आणि सातवी-आठवीला ४०:६०.

गोंधळ इथेच होतो. समजा, तिसरीतल्या मुलीला आकारिकमध्ये ६० पैकी ५२ आणि संकलितमध्ये ४० पैकी १४ मिळाले. बेरीज ६६, श्रेणी ब-२. घरी सगळे खूश. पण सत्राअखेरच्या परीक्षेत तिला ३५ टक्केच आहेत, हे झाकलं गेलं. हीच मुलगी याच कुवतीने सातवीत गेली, तर आकारिकचे साधारण ३५ आणि संकलितचे २१ धरून बेरीज ५६ च्या आसपास येते आणि श्रेणी क-१ होते. ‘सातवीत अभ्यास सोडला’ असं घरात म्हटलं जातं. प्रत्यक्षात मुलगी आहे तिथेच आहे, वजनं बदललीत. म्हणून श्रेणी पाहू नका, दोन्ही भागांचे गुण वेगवेगळे मागा.

पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षाही आहे. पाचवीला विषयाला ५० आणि आठवीला ६० गुणांची, उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के लागतात. नापास झाल्यास जादा मार्गदर्शन आणि निकालापासून दोन महिन्यांत पुनर्परीक्षा. त्यामुळे चौथी आणि सातवीतच नोंदी पाहून घेतलेल्या बऱ्या.

कोण अर्ज करू शकतं

आई, वडील किंवा पालनकर्ता. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम २४ नुसार पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्यच आहे. तेव्हा अर्ज म्हणजे उपकार मागणं नव्हे.

कोकणात खरी अडचण वेगळीच. वडील मुंबईत, मूल गावी आजीजवळ. चाकरमानी गणपतीला येतात तेव्हा शाळेला सुट्टी, मे महिन्यात येतात तेव्हा निकाल लागून शाळा बंद. शिमग्याला जमलं तर जमलं. म्हणून जूनमध्येच आजी, मामा, काका, जे कोणी घरी असेल त्यांच्या नावाने संमतिपत्र करून मुख्याध्यापकांकडे देऊन ठेवावं. त्यावर पालकाची सही, मोबाइल क्रमांक आणि ‘शैक्षणिक नोंदी पाहण्यास व प्रती घेण्यास संमती’ एवढं वाक्य पुरे. ते नसेल तर शिक्षक नोंदी दाखवायला कचरतात, आणि त्यांची काळजी रास्तही आहे.

कागदपत्रं

साध्या कागदावरचा अर्ज (दोन प्रती), अर्जदाराच्या ओळखपत्राची झेरॉक्स, नातं दाखवणारा कागद (शाळेच्या दाखल्यात पालकाचं नाव असेल तर वेगळा लागत नाही) आणि वर सांगितलेलं संमतिपत्र. मुलाचा जनरल रजिस्टर क्रमांक, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीतला क्रमांक, अर्जात लिहावा. एकाच आडनावाची मुलं भरलेल्या वाडीत नुसत्या नावाने घोळ होतो.

अर्जाचा मजकूर असा ठेवा:

‘माझी पाल्य ______, इयत्ता ______, जनरल रजिस्टर क्रमांक ______. शैक्षणिक वर्ष ______, प्रथम सत्र, विषय इंग्रजी. पुढील नोंदी पाहण्यास व प्रती मिळण्यास विनंती आहे : १) आकारिक मूल्यमापनाचं नोंदपत्रक, साधनतंत्रनिहाय गुणांसह. २) वर्णनात्मक नोंदी. ३) संकलित मूल्यमापनाची तपासलेली उत्तरपत्रिका, तोंडी व लेखी गुण स्वतंत्र. ४) नियतकालिक मूल्यांकन चाचणीचे गुण.’

चौथा मुद्दा ज्या इयत्तांना ही चाचणी असते त्यांच्यासाठी. ही चाचणी, शिक्षकांच्या बोलीत ‘पॅट’, प्रथम भाषा, गणित आणि तृतीय भाषा इंग्रजीची असते. प्रश्नपत्रिका राज्यपातळीवरून येते, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत चाचणीपासून वर्षअखेरपर्यंत मूल किती सरकलं हे त्यातून बऱ्यापैकी दिसतं.

देताना आणि पाहताना

दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे तोंडी निरोप. दोन शिक्षकी शाळेत एकेक गुरुजी अनेक वर्ग सांभाळतात, तेव्हा मधल्या सुट्टीत धडकू नका, वेळ ठरवून जा. दिवाळीच्या सुट्टीआधी किंवा सुट्टी संपताच जाणं उत्तम, कारण दुसऱ्या सत्रात सुधारायला वेळ उरतो. शिवाय उत्तरपत्रिका शाळा कायमच्या जपून ठेवत नाही.

वर्णनात्मक नोंद नीट वाचा. ‘इंग्रजी शब्दांचे वाचन करते’ ही नोंद वर्गातल्या निम्म्या मुलांपुढे सापडली, तर ती तयार पुस्तिकेतून उतरवलेली आहे असं समजा. कामाची नोंद अशी असते : ‘कॅट, पेन असे शब्द न अडखळता वाचते, नाइटसारख्या शब्दात न उच्चारली जाणारी अक्षरं आली की थांबते.’ तोंडी परीक्षेचे गुण सगळ्यांना सारखेच दिसत असतील, तर त्यांवर फार विसंबू नका. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकात इयत्तेच्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या वर्षी मुलाला काय यायला हवं त्याची यादी, छापलेल्या असतात. त्यातली कोणती साधली आणि कोणती राहिली, हे शिक्षकांना खुणा करून दाखवायला सांगा. दहा मिनिटांचं काम, पण तासाभराच्या पालकसभेपेक्षा जास्त कळतं.

उत्तर आलं नाही तर

आधी शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा. समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. नंतर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार केली, तर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे.

जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळा असेल तर माहिती अधिकाराचा मार्गही आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत, मुदत ३० दिवस, प्रतीसाठी पानाला २ रुपये. दारिद्र्यरेषेखालच्यांना अर्जाचं शुल्क नाही. कारण लिहायची गरज नाही. ‘वर्गातल्या सर्व मुलांचे गुण द्या’ असं मात्र मागू नका. ती इतरांची वैयक्तिक माहिती ठरते आणि त्या एका ओळीपायी तुमचा अर्धा अर्ज नाकारला जातो. विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेला हा कायदा सहसा थेट लागू होत नाही, तिथे मुख्याध्यापकांना अर्ज आणि मग गटशिक्षणाधिकारी हाच क्रम.

मिळालेल्या प्रतीचा फोटो मुंबईतल्या वडिलांना पाठवायचा तर त्यांच्या क्रमांकावरच पाठवा. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको.