ॲल्विन एली अमेरिकन डान्स थिएटर

न्यूयॉर्कमधील जगप्रसिद्ध आधुनिक नृत्यसंस्था. नर्तक व नृत्यदिग्दर्शक ॲल्विन एली यांनी ती १९५८ मध्ये स्थापन केली. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची भक्तिगीते, ब्लूज व जॅझ संगीत, चर्चमधली सामूहिक उपासना आणि दक्षिणेकडच्या गावांतले कष्टाचे जगणे यांवर तिची नृत्यभाषा उभी आहे. या परंपरेला रंगमंचावर हक्काची जागा मिळवून देण्यात संस्थेचा वाटा फार मोठा आहे.

एलींचा जन्म ५ जानेवारी १९३१ रोजी टेक्सासमधील रॉजर्स या लहानशा गावी झाला. वडील ते तान्हे असतानाच निघून गेले. आई लूला कापूस वेचून आणि गोऱ्यांच्या घरची कामे करून संसार चालवी. वर्णभेदाच्या त्या काळात कृष्णवर्णीयांना मोकळा श्वास घेता येईल अशी दोनच ठिकाणे गावात होती, चर्च आणि गुत्ता. शनिवारी रात्री गुत्त्यात बेभान नाचणारी माणसे रविवारी सकाळी चर्चच्या बाकांवर दिसत. एलींच्या मनावर या दोन्हींचा ठसा सारखाच खोल उमटला. पुढे ते त्यांना आपल्या रक्तातल्या आठवणी म्हणत. संस्थेच्या पहिल्या दोन महत्त्वाच्या नृत्यरचना याच आठवणींतून निघाल्या. ‘ब्लूज सूट’ गुत्त्यातून आणि ‘रेव्हिलेशन्स’ चर्चमधून.

१९४२ मध्ये आई-मुलगा लॉस एंजेलिसला आले. तिथे शाळासोबती कार्मेन द लाव्हालाद हिच्यामुळे १९४९ मध्ये एली लेस्टर हॉर्टन यांच्या नृत्यशाळेत पोहोचले. गोरे, काळे, आशियाई असे सगळे नर्तक एकत्र नाचत अशा अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या नृत्यमंडळींपैकी हॉर्टन यांची एक होती. सपाट ठेवलेली पाठ, कमरेतून एका बाजूला आडवे झुकलेले धड आणि बळकट मध्यशरीर हे हॉर्टन पद्धतीचे विशेष आजही एली संस्थेच्या नर्तकांत चटकन ओळखू येतात. १९५३ मध्ये हॉर्टन वारले आणि त्यांच्या मंडळीची जबाबदारी अवघ्या बाविशीतल्या एलींवर आली. पुढच्याच वर्षी ब्रॉडवे या न्यूयॉर्कच्या नाट्यवस्तीतील एका संगीतिकेच्या निमित्ताने ते तिथे गेले. कॅथरीन डनहॅम आणि पर्ल प्रायमस या नर्तकींनी कृष्णवर्णीय नृत्याची वाट आधीच पाडली होती. तरीही तिथल्या नामवंत नृत्यसंस्थांत कृष्णवर्णीय नर्तकाला जागा मिळणे मुश्कील होते. तेव्हा एलींनी स्वतःच नर्तक जमवले आणि ३० मार्च १९५८ रोजी मॅनहॅटनमधील ‘९२ स्ट्रीट वाय’ या सांस्कृतिक केंद्रात पहिला प्रयोग केला.

त्याच रंगमंचावर ३१ जानेवारी १९६० रोजी ‘रेव्हिलेशन्स’ सादर झाले. जगात सर्वाधिक प्रेक्षकांनी पाहिलेल्या आधुनिक नृत्यरचनांत त्याची गणना होते. सुमारे ३६ मिनिटांच्या या रचनेचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात मातकट तपकिरी पोशाखातले नर्तक एका घोळक्यात दाटीने उभे असतात. गुडघे वाकलेले, नजर वर आणि हात पंखांसारखे पसरलेले. गुलामगिरीचा भार वाहणारी माणसे उडू पाहत आहेत, असे हे दृश्य आहे. दुसरा भाग बाप्तिस्म्याचा, म्हणजे पाण्यात उतरवून ख्रिस्ती धर्मात घेण्याच्या विधीचा, म्हणून सगळा पांढरा. रंगमंचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळ्या-पांढऱ्या कापडाच्या लांबच लांब पट्ट्या ताणून धरतात आणि हलवतात, की झाली नदी. तिच्यात नर्तक उतरतात, खांदे आणि कंबर पाण्याच्या लयीत हेलकावतात. त्यांच्या सोबतीच्या स्त्रीच्या हातात भलीमोठी पांढरी छत्री असते. तिसऱ्या भागात तीन पुरुष पापाच्या भयाने सैरावैरा धावतात आणि लगेच रविवारचे चर्च भरते. पिवळे झगे, मोठ्या टोप्या, हातात विंझणे, बसायला छोटी स्टुले. उकाड्याने हैराण झालेल्या बायका एकमेकींशी कुजबुजतात, पुरुषांना दटावतात आणि बघता बघता सगळे गॉस्पेल या चर्चच्या भक्तिसंगीताच्या ठेक्यावर नाचू लागतात. दुःखापासून सुरू झालेली रचना आनंदापर्यंत पोहोचते, पण दुःख कुठेही विसरत नाही. तिचे खरे सामर्थ्य यातच आहे.

‘क्राय’ (१९७१) हे सोळा मिनिटांचे एकल नृत्य एलींनी आईच्या वाढदिवसाची भेट म्हणून रचले आणि सर्व कृष्णवर्णीय स्त्रियांना, विशेषतः मातांना अर्पण केले. ते संस्थेच्या नर्तकी ज्युडिथ जेमिसन यांच्यासाठी होते. पांढऱ्या घोळदार झग्यातल्या नर्तकीजवळ एक लांब पांढरे कापड असते. तेच जमिनीवर पसरून ती गुडघ्यांवर बसून फरशी पुसते. तेच अंगाभोवती गुंडाळले की शाल होते. मोलकरीण आणि राणी एकाच बाईत वसतात हे सांगायला एलींना दुसरे काही लागले नाही. तीन भागांचे हे नृत्य इतके दमवते, की पहिल्या प्रयोगाआधी जेमिसन यांनी ते सलग एकदाही केलेले नव्हते.

अमेरिकी परराष्ट्र खात्याने १९६२ मध्ये संस्थेला आग्नेय व पूर्व आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर पाठवले. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना हॉटेलांत प्रवेश नाकारणे तेव्हा कायदेशीर होते आणि त्याच देशाचे प्रतिनिधी म्हणून हे नर्तक परदेशी मिरवले जात होते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. पैशांची चणचण कायमचीच होती. १९७० मध्ये तर संस्था बंद करत असल्याचे एलींनी जाहीर केले होते. त्याच वर्षीच्या सोव्हिएत दौऱ्यात लेनिनग्राडच्या प्रेक्षकांनी वीस मिनिटांहून अधिक काळ टाळ्या वाजवल्या. मायदेशी परतल्यावर न्यूयॉर्कमध्येही प्रयोगांना गर्दी झाली आणि संस्था तरली.

हे नृत्य फार लोकानुनयी आहे, असा आक्षेप काही समीक्षक घेत आले. एलींची भूमिका मात्र स्पष्ट होती: नृत्य लोकांकडून आले आहे आणि ते लोकांनाच परत दिले पाहिजे. त्यामुळे आक्षेपाचा हा मुद्दा त्यांच्या कामाचा दोष ठरत नाही. तो त्यांचा उद्देशच होता. शिवाय त्यांनी ही संस्था केवळ स्वतःच्या रचनांसाठी ठेवली नाही. डनहॅम, प्रायमस, टॅली बीटी, डोनाल्ड मॅकेल यांच्या विस्मरणात जाऊ शकणाऱ्या रचना पुन्हा उभ्या केल्या, तरुण दिग्दर्शकांना नवे काम दिले. १९६० च्या दशकापासून गोरे आणि आशियाई नर्तकही संस्थेत आले. जपानचे मासाझुमी चाया पुढे अनेक वर्षे सहायक कलादिग्दर्शक होते. १९६९ मध्ये ब्रुकलिनमध्ये १२५ विद्यार्थ्यांवर नृत्यशाळा सुरू झाली आणि १९७४ मध्ये तरुण नर्तकांची दुसरी फळी उभी राहिली, ती आज ‘एली टू’ म्हणून ओळखली जाते.

१ डिसेंबर १९८९ रोजी एड्समुळे एलींचे निधन झाले. २०१४ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ देण्यात आले. त्यांच्यामागे जेमिसन यांनी २०११ पर्यंत संस्था सांभाळली, तिला कर्जातून बाहेर काढले आणि मॅनहॅटनमध्ये स्वतःची इमारत मिळवून दिली. त्यानंतर २०२३ पर्यंत रॉबर्ट बॅटल कलादिग्दर्शक होते. २०२५ पासून हे पद पूर्वी याच संस्थेत नाचलेल्या ॲलिशिया ग्राफ मॅक यांच्याकडे आहे.