लिव्हर-ॲक्शन रायफलीची सफाई, तेलपाणी आणि साठवण : परवानाधारक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे दुरुस्तीसाठी येणाऱ्या लिव्हर-ॲक्शन (चापाजवळचा दांडा म्हणजे लिव्हर ओढून काडतूस भरणाऱ्या) रायफली बहुधा वडिलोपार्जित असतात आणि वर्षातले बहुतेक महिने त्या कपाटातच राहतात. वापरून झिजलेली रायफल आमच्या हाती क्वचित येते. चुकीच्या तेलाने चिकटलेली किंवा सफाईचा गज निष्काळजीपणे फिरवल्याने नळीचे तोंड खराब झालेली रायफल मात्र वारंवार येते. म्हणून हे माहितीपत्रक.

सफाईला बसण्यापूर्वी रायफल रिकामी करावी. नळीखालच्या लांब मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक आडवी राहत असल्याने एकदा लिव्हर ओढून एक काडतूस बाहेर पडले, म्हणजे रायफल रिकामी झाली असे होत नाही. नळी सुरक्षित दिशेला धरून, चापावर बोट न ठेवता, काडतूस येणे थांबेपर्यंत लिव्हर चालवावी आणि नंतर चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा) व मॅगझिनचे तोंड डोळ्यांनी पाहून बोटानेही चाचपावे. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून मगच तेलाची बाटली उघडावी.

बोल्ट-ॲक्शन रायफलीचा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) मागून निघतो व गज चेंबरकडून घालता येतो. विंचेस्टर १८९४ आणि तिच्या धर्तीच्या रायफलींत मागची बाजू बंद असल्यामुळे गज नळीच्या तोंडाकडूनच घालावा लागतो आणि खरा धोका तेथेच असतो. गोळी नळी सोडते त्या शेवटच्या कडेला गज घासत राहिला, तर कड एका बाजूने झिजते आणि नेम कायमचा बिघडतो. त्यासाठी गजावर पितळेची किंवा प्लॅस्टिकची मार्गदर्शक टोपी चढवावी, लोखंडी जोड-गज टाळावा, आणि लिव्हर उघडी ठेवून आत कापड ठेवावे, म्हणजे सुटलेली घाण यंत्रणेत पडणार नाही. मार्लिन ३३६ प्रकारच्या रायफलीत लिव्हरचा एक स्क्रू काढला की बोल्ट बाहेर येतो व नळी मागून साफ करता येते. अशी रायफल असेल तर तोच मार्ग धरावा. आधी सॉल्व्हंटमध्ये (नळीतील घाण सोडवणाऱ्या द्रवात) भिजवलेली चिंधी, थोड्या वेळाने नळीच्या मापाचा पितळी ब्रश, आणि मग चिंधी स्वच्छ निघेपर्यंत कोरड्या चिंध्या, असा क्रम ठेवावा. नळीत असताना ब्रशची दिशा बदलू नये. तो पूर्ण पलीकडे काढून मगच परत ओढावा.

फार जुनी काडतुसे वापरली असतील, तर त्यांच्या बुडाच्या टोपीतील (प्रायमरमधील) रसायनामुळे नळीत क्षार उरू शकतो. हा क्षार हवेतील ओल ओढून घेतो आणि तेलात विरघळत नाही, त्यामुळे वरून कितीही तेल लावले तरी खालून गंज चढतच राहतो. अशा वेळी त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून, नंतरच तेलाचा हात द्यावा.

तेलाबाबत आमचे मत स्पष्ट आहे: थेंब मोजून घाला. लिव्हरचा सांधा, बोल्टच्या सरकणाऱ्या कडा आणि घोड्याची (चाप ओढताच आघात करणाऱ्या भागाची) खीळ येथे प्रत्येकी एक थेंब पुरतो. बाकी पोलादावर तेलाच्या चिंधीचा नुसता हात फिरवावा. बंदुकीचे तेल नसेल तर शिलाई मशीनचे पातळ तेल चालते. खोबरेल थंडीत गोठते, जवसाचे तेल सुकून वार्निशासारखे कडक होते, आणि रॉकेल घाण काढते पण पोलादाला पुरेसे संरक्षण देत नाही. तेल जास्त झाले की उन्हाळ्यातील काळ्या मातीची धूळ त्यावर बसते आणि तयार झालेला राप भाग घासत राहतो.

जवसाचे तेल आपल्याकडे सहज मिळते व लाकडी दस्त्यासाठी ते उत्तमच आहे. तळहाताने अगदी पातळ थर चोळावा, उरलेले पुसून घ्यावे. ज्या चिंधीने ते पुसले ती मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. असे तेल सुकताना आपोआप तापते आणि चिंध्यांचा गोळा पेट घेऊ शकतो. चिंधी पसरून उघड्यावर वाळवावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी.

चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि जूननंतर धानपट्ट्यातील घरांच्या भिंतींनाही ओल येते. रायफल चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या खोळीत वर्षभर ठेवू नये, कारण खोळ ओल धरते आणि गंज नेमका खोळीच्या आत, नजरेआड चढतो. कुलूपबंद कपाटात, मातीच्या भिंतीपासून दूर, नळीचे तोंड खाली करून किंवा आडवी ठेवली म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, पावसाळ्यात दर पंधरवड्याला हात फिरवावा, आणि काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत. निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश आला, तर जमा करण्यापूर्वी नळी आतून-बाहेरून तेलाने पुसावी आणि परत मिळताच पुन्हा तपासावी. वापरण्यापूर्वी नळीतील तेल कोरड्या चिंधीने काढणे आवश्यक आहे.

यंत्रणा पूर्ण खोलणे घरी करू नये. या रायफलींच्या स्क्रूंच्या खाचा अरुंद व सरळ कडांच्या असतात आणि घरातला निमुळता पेचकस त्या फाडतो. लिव्हर अडखळत असेल, घोडा अर्ध्यावर टिकत नसेल किंवा नळीत खड्डे दिसत असतील, तर रिकामी रायफल मूळ परवान्यासह आमच्याकडे आणावी. काडतुसे सोबत आणू नयेत.